चाचींनी सांगितलेला चौथा भाग

साठ सालाच्या थोडं आधी घाटंजीच्या मुलींच्या शाळेवर माझी बदली झाली. नवरा जंगल खात्यात, पंधरा-पंधरा दिवस जंगलातच मुक्काम. मला सातवा महिना होता. आधीचं बाळ जन्मताच गेलं होतं, त्यामुळे कुणी बाळंतपणाचा विषय काढला की मी तिथून उठून जायची.

सोबत होती ती पुस्तकांची. गावच्या वाचनालयात एका किल्लेदार घराण्याच्या पाच पिढ्यांची कादंबरी होती, चांगली सात भागांची. तीन भाग मी झपाट्यानं वाचून काढले. तिसरा संपला तो किल्ल्याला वेढा पडतो तिथे, आणि आत धाकटी सून दिवस भरलेली. चौथा मागायला गेले तर कपाटात तिसऱ्याला लागून पाचवाच. चौथा नेणारा बदली होऊन गाव सोडून गेला होता.

शेजारी एक मुसलमान शिंपी राहायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे चाची म्हणायचो. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, मुलाच्या नावावर पुस्तकं आणून वाचायच्या. माझी हळहळ ऐकून म्हणाल्या, "बाई, थो चवथा भाग म्या वाचेल हाये. कायले जीव जाळता? दुपारी या, सांगते."

सकाळची शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायची. चाची सदऱ्यांना काजं करता करता सांगायच्या. पाच दुपारी गोष्ट चालली. दोरा तोडायला थांबल्या तरी मला धीर धरवत नसे. किल्ल्यातलं धान्य संपलं, फितुरी झाली, आणि मग सुनेला कापसाच्या गाडीत लपवून खाली उतरवलं. जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या वस्तीवर ती बाळंत झाली. एका म्हातारीनं नाळ कापली.

"अन् पोरगं असं रडलं बाई, का सारी वस्ती गोळा झाली!"

"चाची, त्या डोंगरी मुलखात कापूस कुठला हो?"

"तवा होत असंन. तुमी आयका ना चुपचाप."

पाचवा भाग सुरू झाला तेव्हा मुलगा बारा वर्षांचा, आजीजवळ वाढणारा. त्याच्या आईचा उल्लेख नाही. मी चाचींना विचारलं. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "थे माहेरीच राह्यली. सासूसंगं पटत नव्हतं तिचं." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचंच होतं.

पुढे मला मुलगी झाली. त्या वेळी चाची दोन दिवस घरी न जाता माझ्याजवळ होत्या.

मुलगी चार वर्षांची झाली आणि आमची पुसदला बदली झाली. तिथल्या वाचनालयात सातही भाग ओळीनं लावलेले. मी हौसेनं चौथा घरी आणला. निम्म्यावर आले आणि थांबले. सून किल्ल्यातच बाळंत होते आणि मूल पाजायच्या आत मरते. गाडी नाही, कापूस नाही, म्हातारी नाही. मला रडू यायला लागलं, आणि ते काही त्या सुनेसाठी नव्हतं.

सुट्टी लागल्यावर मुलीला घेऊन घाटंजीला गेले. चाचींनी चहा ठेवला. मी म्हटलं, "चाची, तुम्ही मला खोटं सांगितलंत."

त्यांना विचारावं लागलं नाही, कशाबद्दल ते. "मंग काय करू? तुमाले सातवा महिना, अन् थे मेली म्हनून सांगू?" मग एकदम चिडून म्हणाल्या, "मले बी थे वाचून दोन दिस जेवन गेलं नव्हतं. येवढी पोथी लिवनाऱ्याले एक गाडी नाही भेटली?"

मी हसले, त्याही हसल्या. मग कळलं की डोळे अधू झाल्यामुळे शेवटचे दोन भाग त्यांचे वाचायचेच राहिले होते. मी मुक्काम वाढवला. वाचनालयातून सहावा भाग आणला आणि त्यांच्याच ओसरीवर मोठ्यानं वाचायला बसले. चाचा मशीन थांबवून ऐकायचे, मुलगी चिंध्यांशी खेळायची. एका लढाईपाशी मी अडखळले, तशा चाची म्हणाल्या, "काहून थांबल्या? जसं लिवलं तसं वाचा. मले आता काई होत नाही."

मी एकही ओळ न गाळता वाचत गेले.