दुसऱ्यांदा तेच नाव

सतरा फेब्रुवारी. लेकीच्या घरी अळिवाचे लाडू वळत होते. चार दिवसांपूर्वी ती बाळंत झाली होती आणि आदल्या दिवशीच हॉस्पिटलमधून घरी आली होती. इथे जर्मनीत, कोलोनमध्ये अळीव मिळतं ते कुंडीत पेरायचं बी म्हणून, चिमूटभर पाकिटात. मी पुण्याहून आणलेलं वापरते. मिश्रण कोमट असतानाच वळावं लागतं, त्यामुळे ओट्यापासून हलता येत नव्हतं आणि बाहेरच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं.

बाहेर टेबलावर हॉस्पिटलचा फॉर्म होता. तो आठवड्याच्या आत श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदवतात त्या कचेरीत, द्यायचा होता. नावाची चौकट अजून कोरी होती.

जावई इटालियन. जन्मला इथेच, पण त्याचे वडील, म्हणजे माझे व्याही, तरुणपणी दक्षिण इटलीतल्या एका गावातून इथल्या मोटारीच्या कारखान्यात आले. त्यांच्याकडे पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. आमच्याकडेही आजोबांचं नाव ठेवतात, पण आजोबा गेल्यावर. त्यांच्याकडे आजोबा समोर कॉफी पीत बसलेले असतात आणि नातू त्यांच्याच नावाने रांगतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं होतं, "अहो, सासऱ्यांचं नाव घेऊन 'शेंबूड पूस' असं ओरडणार कशी ती?"

"इटालियनमध्ये ओरडेल," हे म्हणाले.

तो पहिला नातू दोन वर्षांपूर्वी झाला आणि पाच दिवस जगला. व्याह्यांचं नाव दुसऱ्याच दिवशी त्याच्या फॉर्मवर लिहिलं गेलं होतं. मी मात्र बाराव्या दिवसाच्या बारशाची तयारी करत होते. ते बारसं झालंच नाही. पाळणा मीच तळघरात नेऊन ठेवला, कपडे देऊन टाकले, आठवडाभर दोन्ही वेळचं रांधलं. रडायला बाकीचे होते. पुण्याला थोरल्या बहिणीला फोन केला तेव्हा सांगितलं, "बारसं कुठे झालं होतं? नावसुद्धा ठेवलं नव्हतं." नाव नव्हतं म्हटलं की ऐकणाराही फार विचारत नाही. मला ते सोयीचं पडलं.

आता दुसरा मुलगा झाला होता आणि व्याह्यांचं म्हणणं होतं, नाव तेच ठेवायचं. त्यांच्या गावात मूल गेलं तर पुढच्याला तेच नाव देतात. नाव पुन्हा उभं राहतं, म्हणतात. मी शकुन-अपशकुन मानत नाही, पण हे मला पटत नव्हतं. गेलेल्याचं नाव घेऊन घरात कशाला हाका मारायच्या? लाडू झाले की बाहेर जाऊन तेवढं सांगायचं, असं ठरवलं होतं.

"माझ्या आधीचा भाऊ तापाने गेला," व्याही बाहेर म्हणत होते. "त्याचं नाव मला दिलं. सत्तर वर्षं वापरतोय. झिजलं का?"

कोणी हसलं नाही. मी हात धुतले आणि ताट घेऊन बाहेर गेले. लेक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. जावई पेन हातात धरून नुसता बसला होता.

"सिन्योरा," व्याही मला म्हणाले, "तुम्ही तरी सांगा हिला. एवढं चांगलं नाव वाया घालवायचं?" आम्ही दोघं आपापल्या मोडक्या जर्मनमध्ये बोलतो.

मी तोंड उघडायच्या आत लेकीनेच त्यांना विचारलं, "पापा, त्या भावाला तुमच्या घरात काय म्हणायचे?"

"कुठल्या भावाला?"

"गेलेल्या."

व्याह्यांनी लाडू उचलला होता, तो परत ठेवला. "काही नाही," ते म्हणाले. "काही म्हणत नसत. आईने हाक मारली की मीच जायचो."

"माझ्या मुलाजवळ तेवढंच आहे," लेक म्हणाली. "ते मी काढून दुसऱ्याला देणार नाही."

व्याह्यांना हा एकच मुलगा. त्यांचं नाव आता पुढे जाणार नव्हतं, आणि ते त्यांना समजलं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी फॉर्म मुलाच्या पुढ्यात सरकवला. "लिही," म्हणाले. "काय लिहायचं ते लिही." मग उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले.

जावयाने लिहिलं. नाव त्या दोघांचं आधीच ठरलं होतं. दोन्ही घराण्यांत ते कोणाचंच नव्हतं.

"बरं झालं," मी लेकीला हळूच म्हटलं. "मीसुद्धा हेच सांगणार होते."

ही मुलगी एरवी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते. त्या दिवशी मराठीत म्हणाली, "नाही आई. तू वेगळं सांगणार होतीस. तू मावशीला सांगितलंस, त्याला नावच नव्हतं. मी पलीकडच्या खोलीत जागी होते."

बारशाचं कारण माझ्याजवळ होतं. बाराव्या दिवसाचं होतं. दोन्ही खरीच होती, पण तिच्यासमोर काढवली नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले, पातेलं घासलं, ओटा पुसला आणि ट्राम धरून घरी आले. ह्यांनी विचारलं, काय ठरलं. मी नवं नाव सांगितलं आणि पोळ्या करायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच पुण्याला फोन लावला. "बाळाचं नाव काय ठेवलंत गं?" बहिणीने विचारलं. ते सांगितलं. मग म्हटलं, "ताई, पहिल्याचंही नाव होतं. मी तुला खोटं सांगितलं होतं." आणि ते सांगितलं.

ताईने ते म्हणून पाहिलं, पण इटालियन नाव, तिला नीट जमेना. मी तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं.