सात नंबरची जर्सी

आमचा राष्ट्रीय रग्बी संघ सलग नववा सामना हरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे भाऊजींच्या लाँड्रीत जमलो आणि नेहमीप्रमाणे कोचला फासावर दिलं. आता त्यातही मजा उरली नव्हती. पहिल्या तीन पराभवांना आम्ही चिडलो होतो, पुढच्या तिन्हींना टेबल बडवलं होतं. नवव्याला सगळे ऑफिसातल्या शोकसभेला आल्यासारखे आले, खुर्च्या ओढून बसले, आणि ड्रॉइंग मास्तरांनी खिशातून खडू काढला.

ड्रॉइंग मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. शाळा सुटली, खडू काही सुटला नाही. कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर ते पंधरा गोल काढत, बाण मारत आणि कोचचं कुठे चुकलं ते समजावत. दुसरा आमचा पोस्टमन. दिवसभराच्या पायपिटीने त्याच्या पायांत गोळे आलेले असत, तरी खेळाडू धावत नाहीत ही त्याची मुख्य तक्रार. तिसरा मी. नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या दाखल्यांवर शिक्के मारतो. रग्बीचा चेंडू आयुष्यात दोनदा हातात धरला, दोन्ही वेळा सुटला. पण उंटावरून शेळ्या हाकायला चेंडू धरता यावा लागत नाही.

"डावी बाजू," मास्तर म्हणाले. "समोरचा चेंडू घेऊन पळत येतो. आपल्या माणसाने खांदा लावायचा, मिठी मारायची आणि त्याला आडवा करायचा. झालं टॅकल. उजवीकडे करतात. डावीकडे? भगदाड! तीन सामने झाले, सगळे गुण तिथूनच जातायत. आणि ह्या कोचला दिसत नाही?"

"दिसतं हो. उमजत नाही," पोस्टमन म्हणाला.

"मी पेपरात पत्र पाठवलंय," मी म्हणालो. "उद्या येईल. नाव घालून लिहिलंय, ह्या माणसाला घरी बसवा म्हणून."

दोघांनी माना डोलावल्या. भाऊजी कोपऱ्यात इस्त्री करत होते. त्यांनी मानही डोलावली नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रस्त्याच्या टोकाला संघाचं मैदान आहे, आणि एकोणीस वर्षं संघाचे कपडे त्यांच्याकडेच धुतले जातात. सामना रविवारी, सोमवारी सकाळी ओल्या चिखलाची पोती दारात येऊन पडतात. मशीनमध्ये घालण्याआधी भाऊजी एकेक जर्सी टेबलावर पसरून नीट बघतात. शितावरून भाताची परीक्षा, तशी त्यांची डागावरून. एकदा सगळा देश एका खेळाडूला डोक्यावर घेऊन नाचत होता, तेव्हा भाऊजींनी त्याची जर्सी माझ्यापुढे धरली होती. छाती कोरी, पाठीवर चिखल. म्हणाले, "हा चेंडूवर पडत नाही. ह्याला लोक पाडतात." बाकीच्यांना ते कळायला वर्ष लागलं.

पण चर्चेत मात्र त्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. मी एकदा छेडलंच तेव्हा म्हणाले, "लोकांचे डाग बाहेर सांगायचे नाहीत. सांगायला लागलो तर गावातली निम्मी लग्नं मोडतील."

गप्प बसायला आणखी एक कारण होतं. संघातला सात नंबर त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. बत्तीस वर्षांचा. दर चार वर्षांनी मोठी जागतिक स्पर्धा येते. पहिल्या वेळी आठ दिवस आधी त्याचा जबडा मोडला. दुसऱ्या वेळी यादीत त्याचं नावच नव्हतं. त्या दिवशी तो आमच्या ताईच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तासभर नुसता उभा होता. आता तिसरी स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती. चौथी त्याच्या वयाला मिळणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

मंडळी उठली तसे भाऊजी मला म्हणाले, "थांब जरा." आणि त्यांनी टेबलाखालून एक जर्सी काढली. सात नंबर. न धुतलेली.

"बघ."

उजव्या खांद्यावर चिखल वाळून पापुद्रा झाला होता, कोपरापर्यंत गवत चोळलं गेलं होतं, शिवण उसवली होती. डाव्या खांद्यावर पावसाचे चार शिंतोडे.

"म्हणजे?" मी विचारलं. मला सगळं उशिराच कळतं.

"सोळाव्या वर्षापासून ह्याचे कपडे धुतोय. दोन्ही खांदे सारखे काळे व्हायचे. आता तीन सामने असं येतंय. डावा खांदा गेलाय त्याचा. डावीकडून कोणी आला की नुसता हात पसरतो, अंग लावत नाही."

मास्तरांचं भगदाड टेबलावर अजून तसंच होतं, पांढऱ्या खडूने गोल केलेलं. त्या गोलात माझा भाचा उभा होता.

"त्याला विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, बाबा, तुम्ही कपडे धुवा." भाऊजींनी इस्त्रीची वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "मग रडकुंडीला आला. म्हणाला, दोनच महिने. एकदा तिथे उतरू द्या, मग हवं तर हात कापून टाका. कोचला कळलं तर काढेल म्हणाला."

"आणि ताई?"

"तिला कळलं तर कानाला धरून मैदानातून बाहेर आणेल. बत्तीस वर्षांचा असला म्हणून काय झालं."

"मग आता?"

"आता काय! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं." त्यांनी जर्सी बादलीत बुडवली आणि तिच्यातून गढूळ पाणी वर येताना बघत बसले. मला त्यांची फार कीव आली, आणि थोडी स्वतःचीही.

दुसऱ्या दिवशी माझं पत्र छापून आलं, चौकटीत. मथळा होता, 'डावी बाजू उघडी ठेवणारा कोच हवाच कशाला?' ऑफिसात साहेबांनी पाठ थोपटली. आयुष्यात छापून आलेलं माझं हे एकमेव लिखाण, आणि दोष घरच्या माणसाचा असताना खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलेलं. पेपर मी घरी नेलाच नाही.

दहावा सामना आम्ही पावसात हरलो. तो भाऊजींच्या लाँड्रीतल्या टीव्हीवरच पाहिला. डावीकडून तिघे गेले. प्रत्येक वेळी भाचा हात पसरून उभा, आणि प्रत्येक वेळी मास्तर म्हणत, "ह्याला बिचाऱ्याला चुकीच्या जागी उभा केलाय!" सामन्यानंतर पत्रकारांनी कोचला घेरलं. जाड मानेचा, टक्कल पडलेला, कित्येक दिवस नीट झोपला नसावा असा माणूस. एकाने चक्क माझ्या पत्रातलं वाक्य वाचून दाखवलं. कोचने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डाव्या बाजूची चूक माझी आहे. माझ्या पोरांची नाही."

"घ्या! कबूल केलं!" पोस्टमनने टाळी वाजवली.

जळका वास आला. भाऊजींच्या हाताखालच्या शर्टावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उठला होता. तीस वर्षांत त्यांच्या हातून कपडा जळलेला मी पाहिला नव्हता. शर्ट माझाच होता, म्हणून बरं.

बुधवारी सकाळी धुतलेले कपडे मैदानावर पोचवायचे असतात. भाऊजी मला म्हणाले, "बरोबर चल. ढकलगाडीचं चाक कुरकुरतंय." चाक ठणठणीत होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

कपड्यांच्या खोलीत भिंतीवर एक ते तेवीस खुंट्या, मलमाचा उग्र वास, आणि बाकावर एकटा कोच. पुढ्यात कागद, कागदावर पंधरा गोल. मास्तरांच्या गोलांपेक्षा ते वाकडेच होते. भाऊजींनी जर्सींच्या घड्या बाकावर रचल्या आणि सगळ्यांत वर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं ठेवलं. कोचने ते उघडलं. चिखल त्याच्या मांडीवर सांडला.

"ही धुवायची राहिली वाटतं."

"राहिली नाही. ठेवली," भाऊजी म्हणाले.

कोचने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा जर्सीकडे. स्वतः खेळलेला माणूस तो. त्याने उजव्या खांद्यावर हात फिरवला, मग डाव्या खांद्यावर ठेवला, आणि तिथेच राहू दिला.

"कधीपासून?"

"चार सामने."

"महिनाभर मी बाण खोडतोय आणि नवे काढतोय," कोच म्हणाला. "माणसाकडे बघायचं राहून गेलं." मग त्याने गोलांचा कागद पालथा घातला. शेवटी म्हणाला, "तो तुम्हाला माफ करणार नाही."

"नाही करणार."

"दुखापत लपवली, असं माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. एवढं बघतो मी."

मला म्हणायचं होतं की ते पत्र माझं, मला माफ करा. जीभ रेटेना. तोंडातून एवढंच निघालं, "चाक कुरकुरतं हो गाडीचं." कोचने उठून आमच्यासाठी दार धरलं.

शुक्रवारी पुढच्या सामन्याची यादी लागली, त्यात सात नंबरला दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. कारण विचारलं तेव्हा कोच म्हणाला, "माझा निर्णय." मग काय विचारता! मेलेला उत्साह जागा झाला. गावच्या पोरावर अन्याय! मास्तरांनी खडूचे दोन तुकडे केले. पोस्टमन घरोघरी पत्रांबरोबर कोचची निंदाही वाटत फिरला. मी बसायचो, मान हलवायचो. खरं बोललो असतो तर भाच्याची अब्रू गेली असती, नाही बोललो तर कोचची जात होती, आणि कोचशी माझं काही नातं नव्हतं. असा मी माणूस आहे. तीन आठवड्यांनी कोचला काढलं. त्याचा एक कोट लाँड्रीत राहिला. भाऊजींनी तो घडी घालून वरच्या फळीवर ठेवलाय, अजून आहे.

भाचा घरी यायचा बंद झाला. खांद्याच्या ऑपरेशनची तारीख त्याने दोनदा पुढे ढकलली होती, नवा कोच बोलावेल ह्या आशेवर. ताईला सगळं कळलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "बरोबर केलंत. म्हणून तर एवढा राग येतोय तुमचा." तीही धड बोलेना. भाऊजी सकाळी लाँड्री उघडत, संध्याकाळी बंद करत. मधल्या वेळात त्यांच्याशी बोलायचं ते आम्हीच, आणि आम्ही काय बोलायचो ते वर लिहिलंच आहे.

स्पर्धेचा पहिला सामना दुपारी होता. मध्यंतरात मास्तर टेबलावर नवे गोल काढत होते आणि दारात भाचा उभा राहिला. अंगात जुना टी-शर्ट, गळ्यापासून खालपर्यंत चहा सांडलेला.

"ये रे राजा," पोस्टमन म्हणाला. "त्या कोचने वाटोळं केलं बघ तुझं. आज तिथे असायचास तू."

भाच्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बापाला म्हणाला, "एका हाताने ओतायला गेलो. सांडला."

"काढ इकडे. डाग धरेल."

तो काही हलला नाही. भाऊजी टेबलाला वळसा घालून आले, त्यांनी टी-शर्टची खालची कड धरली, आणि तीन वर्षांच्या पोराला म्हणावं तसं सवयीने म्हणाले, "हात वर."

उजवा हात वर गेला. डावा कमरेच्या पट्ट्यापर्यंत आला आणि तिथेच अडकला.

टीव्हीवर लोक ओरडत होते. मास्तरांचा खडू एका गोलावर टेकलेला होता, तो तसाच टेकलेला राहिला.

"राहू दे, राहू दे," भाऊजी म्हणाले. त्यांनी आधी उजवी बाही सोडवली, मग गळा डोक्यावरून काढला, आणि डाव्या हातावरून टी-शर्ट हलकेच खाली ओढून घेतला. खांदा सुजून बसला होता. भाच्याचं कपाळ बापाच्या खांद्यावर टेकलं.

"एकदाच जायचं होतं हो बाबा मला तिथे."

"माहीत आहे," भाऊजी म्हणाले. "म्हणून तर चार सामने गप्प बसलो. ती चूक माझी."

मास्तर उठले. त्यांनी स्वतःच्या बाहीने टेबलावरचे पंधराच्या पंधरा गोल पुसून टाकले. बाही पांढरी झाली, तरी पुसतच राहिले. मी फळीवरून एक स्वच्छ शर्ट काढून भाच्याच्या उघड्या पाठीवर टाकला. कुणाचा होता, पाहिलं नाही.

सामना पुन्हा सुरू झाला. डावीकडून समोरचा एकजण धावत आला आणि गुण घेऊन गेला. पोस्टमनने उठून टीव्हीचा आवाज कमी केला.