चाळीस डावे बूट

खिंडीपलीकडच्या चौकीवर आमची पोस्टिंग झाली तेव्हा उन्हाळा संपत आला होता. चौकीचं नाव सांगत नाही. तेव्हा सांगायची परवानगी नव्हती आणि आता सांगून कोणाला कळणारही नाही. माणसं चाळीस. मी क्वार्टरमास्टर हवालदार, म्हणजे कपडे, बूट, रेशन, रॉकेल सगळं माझ्या ताब्यात. सकाळी सहाला हत्यारांसह स्टँड-टू, सातला चहा, आठला मी स्टोअर उघडायचो. दहाला खाली बेसशी वायरलेसवर बोलणं. माझं नाव गणपत तांबे, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. लोक विचारतात, लढाई पाहिलीत का? पाहिली. पण ज्या गोष्टीने माझं डोकं आजही फिरतं, तिच्यात एकही गोळी सुटली नाही.

चौकीवर वरळीचा आणखी एक जण होता. लान्स नायक हरिश्चंद्र वैती, कोळीवाड्यातला. वय चोवीस. भरतीला येईपर्यंत त्याच्या पायाला चप्पलसुद्धा ठाऊक नव्हती. बुटांनी पहिले फोड आले तेव्हा म्हणाला, "तांबेदादा, होडीवर बरा होता रं. पाय मोकला." चारचौघांत तो मला हवालदारसाहेब म्हणायचा, दोघेच असलो की दादा.

तिथल्या दगडांनी सगळ्यांचे बूट फाडून काढले होते. नवे मागवून चार महिने झाले होते. अखेर एका दुपारी खेचरांवरून दोन खोकी आली. मी सगळ्यांना फॉलइन केलं आणि पहिलं खोकं फोडलं. वरचा बूट डावा. खालचा डावा. तळापर्यंत हात घातला, सगळे डावे. दुसरं खोकं फोडलं, तेही तसंच. आधी सगळी चौकी खो खो हसली. मीही हसलो. मग कोणीतरी उत्तरेच्या डोंगराकडे पाहिलं. तिकडे बर्फ खाली उतरायला लागलं होतं, आणि आमचं हसणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दहाला मी सेटवर बसलो.

"बूट मिळाले. चाळीस. सगळे डावे. ओव्हर."

"परत सांगा. ओव्हर."

"डावे. उजवा एकही नाही. ओव्हर."

मग उत्तर आलं, "उजवे मागून येतायत. मुंबईत हरताळ चालू आहेत, माल अडकलाय. ओव्हर अँड आऊट."

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. घरच्या पत्रांत मोर्चे, बंद, अश्रुधूर याशिवाय दुसरं काही नसायचं. त्यामुळे ते उत्तर मला खरं वाटलं. याची आजही लाज वाटते.

आमचे कॅप्टनसाहेब कमी बोलायचे. म्हणाले, "तांबे, तू मुंबईचा. वीस दिवसांत खिंड बंद होईल. जायला आठ, यायला आठ. उजवे घेऊन ये."

"येस सर."

निघताना हरी स्टोअरच्या दाराशी आला. त्याच्या उजव्या बुटाचा तळ सुतळीने बांधलेला होता. म्हणाला, "दादा, दोन डावं दे ना मना. उजव्या पायान बी डावाच घालतो. चालवून घेन."

मी खेकसलो, "पाय आवळला की रक्त थांबतं, गाढवा! जुनेच वापर, आत गोणपाट गुंडाळ."

मी स्टोअरला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हाताखालच्या नायकाकडे दिली आणि खेचरांबरोबर उतरायला लागलो.

आठव्या दिवशी सकाळी दादरला उतरलो. घरी गेलो नाही, तडक लालबागला बुटांच्या कारखान्यात गेलो. मॅनेजर चष्मा पुसत म्हणाले, "हवालदार, आम्ही काय करणार? तुमचीच माणसं रस्त्यावर आहेत. रोज बंद, रोज मोर्चा. माल बनणार कसा?"

"तुमचीच माणसं" हे त्यांनी असं काही म्हटलं की मला तिथेच एक ठेवून द्यावीशी वाटली. पण अंगावर वर्दी होती. मी म्हटलं, गोडाऊन बघतो.

गोडाऊनमध्ये गावडे नावाचे पॅकिंगचे मुकादम भेटले. मालवणकडचे, कळकट टोपी, कानाला पेन्सिल. मी मागणीचा नंबर सांगताच त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे दोन खोकी, खिळे ठोकलेली, शिक्का मारलेली, आमच्याच मागणीच्या नंबराची.

"ही तयार आहेत?"

"अठरा दिस झाले. हयच पडलीहत."

"आणि बंद?"

"बंद?" गावडे चिडले. "अरे बाबा, ह्या अठरा दिसांत एक दिस कारखानो बंद होतो. एक! आणि ही खोकी त्येच्या आधीच भरून झाली होती. माझ्या ह्या हातान खिळे मारलंय."

मग त्यांनी सगळा प्रकार सांगितला. रेल्वे यार्डात बुटांच्या चोऱ्या फार. जोडी चोरली की बाजारात लगेच खपते. म्हणून कारखान्याने एक युक्ती काढली होती. डावे एका खेपेला पाठवायचे, उजवे दुसऱ्या खेपेला. एका पायाचा बूट कोण चोरणार? चोर खरंच थांबले, आणि युक्ती काढणाऱ्या साहेबाची वाहवा झाली. पुढे कोणीतरी आणखी अक्कल पाजळली: डावे पोचल्याची फौजेच्या डेपोकडून सहीची पावती येईपर्यंत उजवे हलवायचे नाहीत.

"मग पावती का येत नाही?"

गावड्यांनी खांदे उडवले. "ता त्या डेपोवाल्यांका इचार."

दुसरा दिवस ट्रंक कॉल लागण्यात गेला. संध्याकाळी पाचला डेपोचा क्लार्क फोनवर आला.

"पावती कशी देणार? फॉर्मवर 'जोड्या' असं छापलंय. आम्हाला एकही जोडी मिळालेली नाही. उजवे येऊ द्या, मग सही करतो."

"अहो, तुमची सही गेल्याशिवाय उजवे निघतच नाहीत!"

"तो त्यांचा प्रश्न आहे."

मी फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. डोंगरावर चाळीस माणसं गोणपाट गुंडाळून उभी, आणि इकडे दोन शहाणे एकमेकांच्या सहीची वाट बघत खुर्च्या उबवतायत. वर खापर फोडायला माणसंही शोधून ठेवली होती. कोण? तर लालबाग-परळची, ज्यांनी ते बूट शिवले, भरले आणि वेळेवर तयार ठेवले ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरच्या टेबलावरून पावतीचा फॉर्म ओढला. 'जोड्या' या शब्दावर काट मारली. लिहिलं, "डावे बूट, नग चाळीस, चौकीवर मिळाले." खाली सही, नंबर, रँक.

"तुम्हाला अधिकार आहे का?" मॅनेजरनी विचारलं.

"नाही."

"मग जबाबदारी कोणाची?"

"माझी. आता खोकी सोडा."

त्यांनी सोडली. कागदावर दुसऱ्याची सही आल्यावर त्यांची काही तक्रार नव्हती. रेल्वेगाडी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची होती, दादरहून. आणि दुसऱ्या दिवशी होता बंद.

बंदच्या दिवशी एकही ट्रक मिळेना. सकाळी दहाला गावडे आणि त्यांचे तीन गडी हातगाडी घेऊन आले. मी म्हटलं, "मुकादम, आज तुमचा बंद ना?"

"कारखान्याक बंद आसा. आमच्या हाताक नाय. चल, उचल."

परळ नाक्यावर मोर्च्याच्या माणसांनी गाडी अडवली. पुढे एक उंच गिरणी कामगार होता. त्याने माझ्या वर्दीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय रे, माल हलवायला बरा आजचाच दिवस गावला? सरकारी माल काय?"

गर्दी जवळ सरकली. एकाने गाडीचं चाक धरलं. मी अरेरावी केली असती तर खोकी गटारात गेली असती आणि कदाचित मीही. मी खिशातून चाकू काढून पहिल्या खोक्याची फळी उचकटली.

"बघ आत."

त्याने एक बूट काढला. मग दुसरा. तिसरा. "च्यायला, सगळे उजवेच?"

मी सांगितलं. डावे कुठे आहेत, चाळीस माणसं कुठे आहेत, खिंड कधी बंद होणार. आणि हेही सांगितलं, की साहेब लोकांच्या कागदावर हा उशीर तुमच्या नावावर लिहिलाय.

"आमच्या?" तो ओरडलाच. "ह्यांच्या आयला ह्यांच्या! आमी काय केलं?"

मग तो वळला आणि हात वर करून मोर्च्याला ओरडला, "बाजू द्या! रस्ता करा!" दादरच्या पार्सल ऑफिसपर्यंत तो स्वतः गाडीला हात लावून आला. पावणेदोनला खोकी रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढली.

आठव्या दिवशी मी बेसला पोचलो. खिंड उघडी होती. सकाळी दहाला सेटवर बसलो. इतका खूश होतो की आवाज चढला होता.

"उजवे आणलेत. चाळीस. उद्या निघतो. ओव्हर."

खरखर.

"एकोणचाळीस लागतील. ओव्हर."

"परत सांगा. ओव्हर."

"एकोणचाळीस. वैती गेला. ओव्हर."

मी निघाल्यावर सहाव्या दिवशी पहिलं मोठं बर्फ पडलं होतं. गस्तीची तुकडी जाणं भाग होतं. हरीच्या उजव्या बुटाचा तळ पूर्ण सुटला होता. त्याने नायकाकडून स्टोअर उघडून घेतलं आणि दोन्ही पायांत डावे घातले. नऊ तासांनी तुकडी परतली तेव्हा उजवा पाय काळा पडला होता. बूट कापून काढावा लागला. विष अंगात भिनलं. त्याला खाली न्यायला हवामानाने चार दिवस दिले नाहीत, पाचव्या दिवशी पहाटे तो गेला.

चौकशी झाली. बिनअधिकाराच्या सहीबद्दल मला रेप्रिमांड, म्हणजे लेखी ठपका, मिळाला. तो मी मुकाट घेतला. पण निष्कर्षात लिहिलं होतं, "मुंबई शहरातील गडबडीमुळे पुरवठ्यास विलंब." त्याखाली साक्षीदार म्हणून सही मागितली, ती मी केली नाही. मेजरसाहेब म्हणाले, "तांबे, एका ओळीने काय फरक पडतो?" मी म्हटलं, "सर, ती ओळ खोटी आहे." माझ्या सहीवाचून फाइल पुढे गेली.

फौज सोडल्यावर मी करी रोडला चपलांच्या एका कारखान्यात डिस्पॅचला लागलो. तिथेही तीच तऱ्हा! दादरच्या दुकानात सहा नंबरचा ढीग, आणि गिरगावच्या दुकानातून सहा नंबर मागणारं गिऱ्हाईक हात हलवत परत. का? तर कारखाना पाठवायचा बनेल ते, दुकानात काय खपलं हे कोणी विचारायचंच नाही. मी प्रत्येक दुकानाला रोज संध्याकाळी एक पोस्टकार्ड टाकायला लावलं: आज कुठला नंबर गेला, कुठला संपला. एका खोक्यात एक जोडी. कागद मागाहून आला तरी चालेल, माल थांबता कामा नये. पावतीसाठी माल अडवलेला दिसला की मी टेबल डोक्यावर घ्यायचो. लोक म्हणायचे, हवालदार खवट आहे. असू दे.

पण हे फार नंतरचं. त्याआधी, पुढच्या वर्षीच्या रजेत, मला कोळीवाड्यात जायचं होतं.

हरीची आई अंगणात जाळं घेऊन बसली होती. शेजारीण हळूच म्हणाली, म्हातारी वर्षभर बाजारात गेलेली नाही, कोणाशी बोलत नाही. आईने मला ओळखलं. आत गेली आणि एक पत्र घेऊन आली. सरकारी पत्र, घड्यांवर फाटलेलं. त्यात तीच ओळ होती.

"ह्ये खरा हाय काय?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. तीच पुढे म्हणाली, "आमी कोलनी समद्या मोर्च्याला गेल्तो. मी फुडं व्हते. बूट तवाच अडकलं ना? मंग माजा हरी माज्यामुलं मेला काय रं?"

एक वर्ष ती बाई हे उराशी घेऊन बसली होती. चौकशीच्या त्या एका ओळीमुळे. मला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, "नाही, आई. नाही! खोकी आधीच भरून तयार होती. अडवली ती साहेबांच्या पावतीने. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. उलट मोर्च्याने मला रस्ता दिला."

तिने ते तीनदा वदवून घेतलं. मग उठली, माझा दंड धरला आणि मला गल्लीत आणलं. "चल. ह्ये समद्यांम्होरं सांग."

माणसं जमली. मी सावधान उभा राहिलो आणि साहेबांपुढे देतात तसा रिपोर्ट दिला. खोकी किती दिवस पडली होती, कुठे, कोणाच्या कागदापायी. गाडी किती वाजता सुटली, बर्फ कितव्या दिवशी पडलं. आई माझ्या शेजारी ताठ उभी होती. शेवटी मी नाव घेतलं.

लान्स नायक हरिश्चंद्र वैती. ड्युटीवर असताना, दोन डाव्या बुटांमुळे. मोर्च्यामुळे नव्हे.