मधला स्पीकर

नव्या टीव्हीला जुने दोन स्पीकर जोडले, तेव्हापासून आईला मालिकेतलं बोलणं ऐकू येईना. "कान तपासून घेऊ," मी म्हणाले आणि तिच्याशी ओरडूनच बोलू लागले. ती मुकाट्याने खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसायची. मी कधी शेजारी बसून ऐकलंच नाही.

आज सेटिंग चाळताना आवाज ‘सराउंड’वर लावलेला दिसला, त्याचा अर्थ वाचला. त्यात माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, आणि तो आमच्याकडे नाहीच. मी दोनच स्पीकरसाठी असलेलं ‘स्टिरिओ’ निवडलं. पडद्यावरची सासू एकदम स्वच्छ बोलू लागली. म्हातारपण आपण किती चटकन गृहीत धरतो! मला आईकडे बघवेना.

"आई, तुझे कान चांगले आहेत गं!" मी सवयीने ओरडले.

"हळू बोल," ती म्हणाली. "तुझं तर मला आधीपासूनच ऐकू येत होतं."