एका पानावर दोन फायली

भंडाऱ्यातल्या एका साप्ताहिकाची वेबसाइट मी सांभाळत होते. निधनवार्तांचं पान माझ्याकडे असायचं. वरचा फोटो, नाव, गाव ही मांडणी सगळ्यांना सारखीच; खालचा मजकूर मात्र घराप्रमाणे बदलायचा. कुणाकडे तेराव्या दिवसाची तेरवी, कुणा बौद्ध घरी पुण्यानुमोदन. दोन्हींच्या मी वेगळ्या फायली करून ठेवल्या होत्या. माहिती भरताना विधीचं नाव दिलं की पान उघडताना त्या नावाची फाइल आपोआप आत येऊन बसायची.

एका दुपारी कारध्याचे एक वयस्कर गृहस्थ सुनेला घेऊन ऑफिसात आले. त्यांचा मुलगा आजारपणात गेला होता. घर बौद्ध. सून सिहोऱ्याकडच्या हिंदू शेतकरी घरातली. तिनं आणि त्यांच्या मुलानं आपल्या मर्जीनं लग्न केलं, म्हणून तिच्या माहेरच्यांनी जाणंयेणं बंद केलं होतं. मरणाची खबर ऐकून तिचा भाऊ मात्र धावत आला. तेरवी आम्ही सिहोऱ्याला करतो, असं तो म्हणाला, आणि सासऱ्यांनी त्याला नाही म्हटलं नाही.

त्यांनी मला विचारलं, "दोन्ही येते का एका पानावर?"

येत नव्हतं. माझं पान एकच नाव घ्यायचं. मी त्यांना चहा सांगितला आणि बदल करायला बसले. जितकी नावं दिली तितक्या फायली एकाखाली एक याव्यात, एवढंच करायचं होतं. पहिल्या वेळी एका मजकुराखाली दुसरा आलाच नाही. एका नावात माझं एक अक्षर चुकलं होतं, आणि तशा नावाची फाइलच नव्हती. ते दुरुस्त केलं तेव्हा दोन्ही मजकूर दिसले. वर कोणता ठेवू, असं मी विचारलं.

"सुनेच्या माहेरचं वरतं टाका, बाई," सासरे म्हणाले. "ते लोक इतक्या वर्षांनी येऊन राहिले."

सून म्हणाली, "नाही बाबा, घरचं वरतं राहू द्या."

"तेबी तुयं घरच होय."

ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तेरवी वर ठेवली.

पुण्यानुमोदनाला मी कारध्याला गेले. तिचा भाऊ पुढेच बसला होता. वंदनेचे शब्द त्याला येत नव्हते; तो नुसते हात जोडून होता. जेवणाच्या वेळी सासऱ्यांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं आणि त्याच्या पानात आधी भात वाढायला लावला.