एक फूट वजा

दामोदर ओव्हाळ सरांना मी प्रथम भेटले ते स्वारगेटजवळच्या त्यांच्या कार्यालयात. खाली टायरचे दुकान आणि वर दोन खोल्या. मी अमरावतीहून स्थापत्याचा डिप्लोमा घेऊन नोकरी शोधत पुण्यात आले होते. सरांनी माझी प्रमाणपत्रे बाजूला ठेवली, हातात टेप दिली आणि बसलो होतो तीच खोली मोजायला सांगितली. मी मोजली. वर हुशारी दाखवावी म्हणून खोलीची किंमतही अंदाजाने सांगून टाकली.

"किंमत मी विचारली होती का?" सर म्हणाले. मी उठायच्या बेतात असताना त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले, "उद्यापासून या. दहाला. सव्वादहा म्हणजे दहा नव्हे."

बँकांसाठी घरे मोजून त्यांची किंमत ठरवून देण्याचा सरांचा व्यवसाय. ते दिवस या मूल्यांकनाच्या व्यवसायासाठी मोठे विचित्र होते. हिंजवडीच्या शेतांतून इमारती उठत होत्या, कंपन्यांच्या बसेस धावू लागल्या होत्या आणि बँका घरासाठी कर्ज द्यायला उत्सुक होत्या. जागेची किंमत एजंट चहा पिता पिता सांगत आणि मूल्यांकनकाराने ती कागदावर उतरवावी अशी अपेक्षा असे. सरांचा नियम साधा होता. जागा मोजून होईपर्यंत कोणी आकडा काढायचा नाही. एखाद्याने काढलाच तर सर टेप गुंडाळून जिन्यात जाऊन उभे राहत. "सर, जरा हात सैल सोडा," असे एकदा एक एजंट म्हणाला. "टेप सैल सोडली की झोळ पडतो," एवढेच उत्तर त्याला मिळाले.

आमच्या त्या टेपचा पहिला फूट झिजून तुटला होता. म्हणून ती एक फुटाच्या खुणेवर धरायची आणि आलेल्या मापातून एक फूट वजा करायचा, अशी कार्यालयाची रीत. नोकरीला वर्ष होत आले तेव्हा हिंजवडीतला एक फ्लॅट मोजायला मी प्रथमच एकटी गेले. विकणाऱ्यांचा एजंट दारापासून भावच बोलत होता. सरांसारखे जिन्यात जाऊन उभे राहण्याचे धैर्य मला झाले नाही. मी ऐकत राहिले, मोजत राहिले आणि तिन्ही खोल्यांतून फूट वजा करायचे विसरले. माझ्या मापांवर विश्वास ठेवून सरांनी सही केली आणि अहवाल बँकेत गेला.

घेणाऱ्या होत्या मेश्रामबाई, वर्ध्याच्या निवृत्त परिचारिका. मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत लागला म्हणून निवृत्तीची सगळी पुंजी घालून त्या हे घर घेत होत्या. बँकेच्या माणसांनी मोजले आहे म्हणजे बरोबरच असणार, असे म्हणून त्यांनी त्याच क्षेत्रफळावर किंमत कबूल केली होती.

खरेदीखताच्या आदल्या दिवशी सकाळी त्याच इमारतीतली दुसरी फाइल माझ्या हाती आली. बरोबर खालच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट, सरांनी मोजलेला. त्यांच्या मापांत प्रत्येक खोली माझ्या मापापेक्षा लांबी-रुंदीला फुटाने लहान होती. नोकरी जाणार हे तर दिसतच होते. पण सरांची तीस वर्षांची सही माझ्यामुळे खोटी पडली होती, ते जास्त लागत होते.

मी जाऊन सांगितले. सरांनी दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग खुंटीवरचे दुसरे हेल्मेट काढून माझ्यापुढे धरले. मला उशीर झाला की हॉस्टेलवर सोडता यावे म्हणून ते त्यांनी माझ्यासाठीच आणले होते. स्कूटरवरून आम्ही हिंजवडीला गेलो. फ्लॅट पुन्हा मोजला. टेपचे दुसरे टोक त्यांनी मलाच धरायला लावले.

मेश्रामबाईंना सरांनी तिथेच बोलावून घेतले होते. मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "बाई, चूक आमची आहे. सही माझी आहे. जागा कमी आहे, किंमत कमी करून घ्या."

बाई म्हणाल्या, "आज सांगितलं ना साहेब, बरं झालं. उद्या कोणाला विचारलं असतं मी?"

तिथून आम्ही बँकेत गेलो. व्यवस्थापक म्हणाले, कोणाच्या लक्षातही आले नसते. "माझ्या आलंय," असे म्हणून सरांनी अहवाल परत घेतला. चार महिने त्या बँकेचे काम आले नाही. त्याबद्दल सरांनी ना तक्रार केली, ना मला ऐकवले. किंमत उतरवून घर मेश्रामबाईंच्या नावे झाले, तेव्हा कुठे मला नीट श्वास घेता आला.

फ्लॅट पुन्हा मोजून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर नवी टेप होती, शून्यापासून सुरू होणारी. "जुनी मी केव्हाच टाकायला हवी होती. कंजूषपणा माझा," सर म्हणाले आणि कामाला लागले.

ही गोष्ट त्यांनी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. सरांच्या या गौरवग्रंथाचे वाचक, त्यांत आमचे जुने सहकारीही आले, ती आज प्रथमच वाचत असतील. लिहू का, असे विचारायला मी सरांना फोन केला होता. "लिहा," ते म्हणाले, "पण माप बरोबर लिहा." इतकी वर्षे जपलेले ओझे त्या एका वाक्याने उतरले.

सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली आहेत. आजही ते जागेवर जाताना लिफ्टची वाट न पाहता जिना चढतात. त्यांचे गुडघे असेच साथ देत राहोत, हात टेप ताणून धरत राहोत आणि पुढची पुष्कळ वर्षे त्यांना पुरती मिळोत. त्यांतून एकही वजा होऊ नये.