रणगाड्याच्या दिव्याची जाळी

कवळीकाकांनी जन्मात मुंगी मारली नव्हती. रांगेत कुणी पुढे घुसलं तर तेच बाजूला होऊन त्याला नीट जागा करून देत. निवृत्त झाल्यावर या माणसाने रणगाडे बनवायला घेतले.

खरे नव्हे. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे, दोन तळहातांवर मावतील एवढे.

त्याआधी त्यांनी दात बनवले. दंतवैद्य तोंडाचे ठसे पाठवत, आणि काका लॅबमध्ये बसून त्यावरून कवळ्या घडवत. ज्यांच्या तोंडात त्या जात त्यांना काकांनी कधी पाहिलं नाही. इमारतीतले सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. माणूस भेटला की ते आधी त्याचे दात बघत, मग माणूस. होणारा जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याच्याबद्दल ते एवढंच म्हणाले होते, "डावा सुळा वाकडा आहे. बाकी बरा वाटतो."

रणगाड्याच्या खोक्यात प्लॅस्टिकचे भाग येत. ते काय, कुणीही जोडेल. काकांचा जीव वेगळ्या पाकिटात असे. त्यात पोस्टकार्डाएवढा पितळेचा पत्रा निघे, कागदासारखा पातळ. त्या पत्र्यात आम्लाने कोरून काढलेले शेकडो भाग एका चौकटीत बारीक दांड्यांनी अडकून असत. इंजिनावरची जाळी, फावडं धरून ठेवणारे चाप, तिळाएवढे नट. एकेक भाग काचेवर ठेवून सुरीने सोडवायचा. चिमट्यात धरून कोरलेल्या रेषेवर वाकवायचा. सुईच्या टोकावर गोंद घेऊन चिकटवायचा. पत्रा एकदा वाकला की वाकला. सरळ करून पुन्हा वाकवायला गेलं की रेषेवर मोडतो.

"जन्मभर लोकांच्या तोंडात दात घातले," काकू म्हणत. "आता तोफेच्या तोंडात काय घालणार?"

"काही नाही. तिला चावायचं नसतं."

काका विनोद करत तो असा. चेहऱ्यावरून काही कळत नसे.

कामाला बसताना ते लॅबमधला जुना ॲप्रन घालत. त्याचा वरचा बंद गळ्यात आणि खालची कड दोन चापांनी टेबलाच्या फळीला लावलेली. त्यामुळे मांडीवर झोळी तयार होई. चिमट्यातून भाग निसटला की झोळीत पडे. बारीक काम करणारी माणसं अशी झोळी लावतात. तिचा एकच तोटा. आपण टेबलाला बांधलेले आहोत हे विसरायचं नाही.

त्या आठवड्यात लेक घरी आली होती. बरोबर तिची पोर, ठमी. ठमी नुकती रांगायला लागली होती आणि तिला वाटेत आलेली प्रत्येक वस्तू आधी तोंडाने बघायची असे. जावई फिरतीवर. लेकीची नोकरी पुन्हा सुरू झालेली, आणि पाळणाघराशी तिचं फाटलेलं. ठमी तिथे पडली होती. तिथल्या कुणी ते सांगितलं नाही. आंघोळ घालताना लेकीच्या हाताला टेंगूळ लागलं तेव्हा कळलं.

"आठवडाभर मी इथूनच काम करते," लेक म्हणाली. "तुम्हाला दोघांना झेपतंय का बघू. झेपलं तर रोज सकाळी हिला इथे सोडेन. नाही तर दुसरं पाळणाघर."

काकूंना आनंद झाला तो घरभर दिसला. काकांना झाला तो कुणाला दिसला नाही. त्यांनी फक्त हॉलमधल्या टेबलाच्या कोपऱ्यांना कापूस लावून चिकटपट्टी गुंडाळली.

लेकीची एक अट होती. "बाबा, त्या खोलीचं दार बंद. आणि तुमचा एक जरी तुकडा बाहेर दिसला ना..."

"दिसणार नाही. दिसण्याइतके ते मोठेच नसतात."

लेक हसली नाही.

"आठवडाभर ठेवा की झाकून," काकू म्हणाल्या. "रणगाडा काय पळून जाणार आहे?"

पण रणगाडा शेवटाला आला होता. पुढच्या दोन दिव्यांवरच्या जाळ्या बसवल्या की रंग द्यायला मोकळा. ठमी दुपारी झोपते तेवढ्या वेळात होईल, असा काकांनी हिशेब केला. दार लावून ते बसले. दोन्ही जाळ्या कापल्या, वाकवल्या. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठ्या. प्रत्येकीला चार पाय, आणि पाय टोकदार. दोन्ही ताटलीत ठेवून ते गोंद घ्यायला वळले, आणि दाराची बेल वाजली.

ठमी उठेल. एवढं एकच डोक्यात आलं. ते ताडकन उठले.

ॲप्रनबरोबर टेबल उठलं. ताटली उलटली. चाप सुटले आणि झोळीत होतं नव्हतं ते उधळलं. काका तसेच हॉलमधून दारापर्यंत गेले, कुरिअरवाल्याचं पाकीट घेतलं, बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं आणि परत आले. ठमी उठली नव्हती.

मग त्यांनी वेचायला घेतलं. पितळेची चौकट समोर ठेवली. कापून काढलेल्या भागाच्या जागी चौकटीत त्याच आकाराची खिडकी उरते. एकेक तुकडा सापडला की ते तो आपल्या खिडकीशी ठेवून बघत. एक खिडकी रिकामीच राहिली. उजव्या दिव्याची जाळी.

त्यांनी विजेरी फरशीवर आडवी ठेवली. असा उजेड पडला की धुळीच्या कणाचीही सावली दिसते. त्यांनी काकूंचा जुना पायमोजा कचरा ओढणाऱ्या मशीनच्या नळीवर ताणून बसवला आणि कोपरे ओढून घेतले. मोज्यावर केस आला, सुपारीएवढा धुळीचा गोळा आला, गेल्या वर्षी हरवलेला एक नट आला. जाळी नाही.

मधल्या वेळात आपण हॉलमधून जाऊन आलो, हे त्यांना तेव्हा आठवलं.

सांगितलं तर लेक आजच बॅग भरणार. आधी शोधू, मग सांगू. सापडली तर सांगायचं तरी काय. असं त्यांनी ठरवलं, आणि तेवढ्यात ठमी उठली.

लेकीने तिला हॉलमध्ये खाली ठेवलं. ठमी निघाली. तिच्या पुढे काकाही निघाले, दोन्ही गुडघे आणि दोन्ही तळवे टेकून. तळव्याने फरशी पुसत, गाल जमिनीला लावत. ती डावीकडे वळली की हेही डावीकडे. ती सोफ्याखाली, तर हे आधी सोफ्याखाली. ठमीला असा सवंगडी कधी मिळाला नव्हता. ती किंचाळून हसायला लागली.

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "अहो, हे काय अंगात आलंय? गुडघे दुखतात म्हणून कालच जिना चढवेना ना तुम्हाला?"

"आज नाही दुखत."

"स्वतःच्या मुलीसाठी कधी वाकला नाहीत."

"तेव्हा कंबर चांगली होती. वाया घालवायची नव्हती."

लेक लॅपटॉप बाजूला सारून बघत बसली होती. तिने फोन काढून फोटो घेतला आणि जावयाला पाठवला. डोळ्यांच्या कडा पुसल्या. तिचे बाबा लहानपणी तिच्याशी खेळले नव्हते अशातला भाग नाही. पण ते खुर्चीत बसून खेळत.

"आई, ठरलं," ती म्हणाली. "पाळणाघर बघत नाही मी. ही इथेच राहील."

"मी म्हटलंच होतं," काकू म्हणाल्या.

काका सोफ्याखाली होते. तिथून त्यांनी ते ऐकलं. थोडा वेळ ते बाहेर आले नाहीत. मग मागे सरकत आले आणि फरशीवरच बसले. ठमी त्यांच्या मांडीशी येऊन काहीतरी चघळत होती. त्यांनी सवयीच्या बोटाने तिचा जबडा उघडला आणि आत फिरवून बघितलं. खालचे दोन दात. सरळ. बाकी काही नाही. ती स्वतःची जीभ चघळत होती.

"माझा एक भाग हरवलाय," ते म्हणाले.

"कसला भाग?" लेकीने विचारलं.

"उजव्या दिव्याची जाळी."

"केवढी?"

त्यांनी करंगळीचं अर्धं नख दाखवलं.

"कधीपासून?"

"दुपारी. बेल वाजली तेव्हा. नंतर मी हॉलमधून गेलो."

लेकीने आधी ठमीला उचललं. मग त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही खेळत नव्हता."

"नाही."

काकू काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्या घरात हे क्वचित होई.

दवाखान्यात जाताना काकांनी डाव्या दिव्याची जाळी काडेपेटीत घालून घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी काडेपेटी उघडून उजेडात धरली.

"हे काय आहे?"

"रणगाड्याच्या दिव्याची जाळी."

त्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या.

"लहान रणगाडा," काका म्हणाले.

एक्स-रे काढणाऱ्या माणसाने ती जाळी ठमीच्या बाजूला, प्लेटच्या कोपऱ्यात ठेवली. तशी गिळली असेल तर कशी दिसेल ते कळावं म्हणून. ठमी रडत होती. लेकीने तिचे हात धरले होते. काकांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण कुणी सांगितलं नसतं तरी ते बाहेरच थांबले असते. भिंतीवर दात घासण्याची योग्य पद्धत दाखवणारं चित्र होतं. पद्धत चुकीची होती. त्यांनी ते चित्र पुन्हा पुन्हा बघितलं.

मग त्यांना आत बोलावलं. पडद्यावर ठमीच्या बरगड्या दिसत होत्या, माशाच्या काट्यासारख्या. कोपऱ्यात चार पायांचं पांढरं काहीतरी लखलखत होतं.

"ती तुमची," तो माणूस म्हणाला. "पोटात काही नाही. छातीतही नाही."

लेक दवाखान्यातूनच आपल्या घरी गेली. रिक्षात बसताना म्हणाली, "आई, सामान नंतर नेईन." बाबांशी बोलली नाही.

घरी आल्यावर काकूंचं तोंड सुटलं. "सांगायची काय गरज होती? पोटात नव्हतंच ना?"

"तेव्हा माहीत नव्हतं."

"मग मला सांगायचं आधी. मी शोधलं असतं."

"तू ओरडली असतीस."

"ओरडत शोधलं असतं. हात काय तोंडाला बांधलेत माझे?"

काका उठले. ते खोलीत गेले आणि रणगाड्यावर फडकं टाकलं. पितळेची चौकट पाकिटात घातली, पाकीट खोक्यात. खोकं माळ्यावर टाकायला स्टूल घेतलं, पण गुडघा वर येईना. अख्खी दुपार रांगल्याचं गुडघ्याने आता सांगितलं. खोकं स्टुलावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी काकू कपडे धुवायला घेत होत्या. मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक कपडा झटकायचा, ही त्यांची पद्धत. थोड्या वेळाने त्यांनी काकांसमोर चहा ठेवला. कपाखाली बशी नव्हती. बशी शेजारी होती, आणि बशीत जाळी होती.

"घ्या तुमचं रत्न. पँटच्या खालच्या दुमडीत होतं."

काका बघत राहिले. जाळीचा एक पाय चपटा झाला होता.

"घरभर घेऊन हिंडलात," काकू म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज चढला नव्हता. "पोर चालली होती आपली नीट. तिच्या तोंडापुढे तुम्हीच नेत होता."

ते खरं होतं. काका खोलीत स्वस्थ बसले असते तर जाळीही खोलीत बसली असती. त्यांनी चहा पुरा केला नाही. फोन उचलला.

"अहो, आता हेही सांगणार?"

त्यांनी नंबर लावला. लेकीने उचलला.

"सापडली," काका म्हणाले. "माझ्या पँटच्या दुमडीत."

"म्हणजे काल रांगताना..."

"हो. माझ्या अंगावरच होती."

लेकीने फोन ठेवला.

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता. काकू ती चार वेळा घासत. काकांनी टेबलाच्या कोपऱ्यांचा कापूस काढला नाही. काकूंनीही काढा म्हटलं नाही.

मग एका सकाळी बेल वाजली. काकांनी दार उघडलं. लेक उभी होती. खांद्याला ठमीची पिशवी, कडेवर ठमी, ऑफिसचे कपडे. ती त्यांच्याकडे न बघता आत काकूंशी बोलली.

"नवीन पाळणाघर बघून आले, आई. छान आहे. भिंतींवर हत्ती काढलेत."

"मग?"

"बाईंना विचारलं, मूल पडलं तर आम्हाला सांगता ना? तर म्हणाल्या, आमच्याकडे मुलं पडतच नाहीत."

काकू हसल्या. लेक हसली नाही. मग ती काकांकडे वळली.

"बाबा, पँट झटका."

काकांनी पँट झटकली. एक दुमड उलटी केली, मग दुसरी. दोन्ही रिकाम्या.

"पाय."

त्यांनी दाराच्या चौकटीला धरून एक पाय वर केला आणि तळवा दाखवला. मग दुसरा. लेकीने वाकून दोन्ही नीट बघितले, बोटाने चाचपले. मग ठमीला त्यांच्या हातात दिलं आणि घड्याळ बघत जिना उतरली.

तेव्हापासून रोज सकाळी हे होतं. लेक अजून म्हणावी तशी बोलत नाही. काकू म्हणतात, विमानतळावरसुद्धा इतकं तपासत नाहीत हो. काका बेल वाजली की दार उघडतात आणि कुणी सांगायच्या आत पाय वर करतात.